म्हापशातला टॅक्सवाला: जिना वाईट, काम चोख

पाचांपैकी चार गुण. एक गुण कठडा नसलेल्या जिन्यासाठी आणि दुपारी एक ते साडेतीन बंद असणाऱ्या दारासाठी कापला.

मी निवृत्त शिक्षिका, मला पेन्शन आहे. ह्यांच्या नावावर दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आणि बँकेत एफडी. मुलगा बेंगळुरूला, त्याने गेल्या वर्षी ऑनलाइन रिटर्न भरून देणाऱ्या एका कंपनीचे पैसे परस्पर भरून टाकले. कंपनीने सगळं भाडं आणि सगळं व्याज ह्यांच्या माथी मारलं, आणि माझं रिटर्न ‘सहज’ म्हणजे साध्या उत्पन्नाच्या आयटीआर-१ फॉर्ममध्ये तयार ठेवलं. आमच्या गोव्यात अजून चालणाऱ्या पोर्तुगीज नागरी कायद्याचं काय, असं फोनवरच्या मुलीला विचारलं तर म्हणते, “मॅडम, तुम्ही एनआरआय आहात का?”

म्हणून गणेशचवथीच्या आधी बाजाराजवळच्या ह्या गृहस्थांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, “लग्नाआधी करार केल्लो?” नाही म्हटल्यावर लग्ननोंदणीची प्रत मागितली. तसा करार नसला की नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि म्हणून आमच्या रिटर्नला १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५-अ लागलं. हे कलम आलं १९९४ मध्ये, पण लागू केलं १ एप्रिल १९६३ पासून, म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधीपासून! पगार-पेन्शन ज्याची त्याची. भाडं, व्याज, धंदा, भांडवली नफा मात्र निम्मं-निम्मं, कागद कोणाच्याही नावावर असो.

“टीचर, घरपट्टीची पावती खंय?” हा दुसरा प्रश्न. मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला: भाडं ३,००,०००, भरलेली घरपट्टी ४,००० वजा, उरलेल्या २,९६,००० मधून ठराविक सूट म्हणून ३० टक्के वजा, राहिले २,०७,२००. प्रत्येकाच्या वाट्याला १,०३,६००. इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

अशी वाटणी असेल तर ‘सहज’ चालतच नाही. आमची दोघांची रिटर्न्स आयटीआर-२ मध्ये गेली, शेड्यूल ५-ए मध्ये, म्हणजे ह्याच कलमाच्या तक्त्यात, एकमेकांचे पॅन घालून. एफडीवर बँकेने ह्यांच्या पॅनवर कापलेला टीडीएसही अर्धा माझ्याकडे वळवावा लागतो. दोन्ही फॉर्ममधले आकडे जुळतात का, हे त्यांनी बोट ठेवून ठेवून तपासलं. ह्यांची तोवर एक डुलकी झाली.

वाटणीने कर वाचतोच, असा आमच्या वाड्यावर समज आहे. ह्यांचा कमी झाला, पण पेन्शनमुळे माझा थोडा वाढला. गृहस्थांनी हे फी घेण्याआधीच सांगितलं, म्हणून विश्वास बसला. फी दोघांची मिळून अडीच हजार. पावती मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि फोन उचलायचा तर त्यांना जणू कर लागतो.

वारसा, इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं काम) वगैरे विचारू नका, “वकिलाकडे वचात” म्हणून मोकळे होतात. रिटर्नसाठी जायचं तर सकाळी जा आणि जोडीने जा. नवराबायकोपैकी एकट्याचंच रिटर्न ते हातात घेत नाहीत.