बॅरलवरचा कूलंट मिक्सर घ्यावा का? खारपाणपट्ट्यातल्या लेथवाल्याचा रिव्ह्यू

दोन वस्तूंबद्दल लिहितो. एक, बॅरलच्या तोंडावर बसवायचा ऑटोमॅटिक कूलंट मिक्सर (कूलंट म्हणजे लोखंड कातताना त्यावर सोडायचं ऑइल-पाण्याचं मिश्रण), आणि दुसरा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे त्यात ऑइल किती ते थेंबावरून दाखवणारी दुर्बीण. दोन्ही ऑनलाइन मागवलेले. आमचं वर्कशॉप दर्यापूरकडे, दोन लेथ अन् एक ड्रिल, काम म्हणजे जिनिंगचे रोलर शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, बुश असंच. कापसाचा हंगाम लागला की जिनिंगवाले रात्रीही शाफ्ट घेऊन दारात उभे राहतात, तेव्हा कूलंट मोजून बनवायला कोणाला फुरसत, म्हणून हा मिक्सर.

आत फार काही नाही. पाणी बारीक भोकातून जोरात जातं, तिथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने नळीतून बॅरलमधलं ऑइल वर येतं. लाइट लागत नाही, मोटर लागत नाही, असं विकणारा ठासून सांगतो आणि ते खरंच आहे, पण पाण्याला जोर लागतो हे तो सांगत नाही. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय, किमान दीड बार. आता आपल्याकडे पाणी कुठून येतं? स्लॅबवरच्या टाकीतून. दहा मीटर उंचीला साधारण एक बार धरा, आपली टाकी नळापासून चार मीटर वर, म्हणजे अर्धा बारही नाही. शहानूर धरणाच्या नळाला जोर असतो कधीकधी, पण तो येईल तेव्हा येईल, त्याच्या भरवशावर वर्कशॉप चालते का.

तर झालं असं की नॉब पाच टक्क्यांवर आणि बादलीत पडतंय दीडच्या आसपास. पारदर्शक नळीत ऑइल अर्ध्यावर चढतं, थबकतं, परत खाली. कंपनीला फोन लावला तर म्हणे सर नॉब फुल करा. आमचे जुने ऑपरेटर काका बाजूलाच उभे होते, ते म्हणाले, "पाण्यालेच दम नाही तं नॉब काय करीन बाप्पा!" यात सगळा रिव्ह्यू आला खरं तर. थंडीत ऑइल घट्ट होतं तेव्हा अजून कमी ओढतो. आणि एक गोष्ट महत्त्वाची, माझ्या मॉडेलला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. पाणी मधेच बंद पडलं तर ऑइल उलटं लाइनमध्ये जाऊ शकतं, आणि आपल्याकडे त्याच लाइनवर माठ भरतात. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला असा मिक्सर थेट जोडूच नका, वेगळी टाकी ठेवा.

रिफ्रॅक्टोमीटर मात्र पैसा वसूल. हजार-बाराशेत येतो, उसाची नाहीतर संत्र्याची गोडी मोजायला वापरतात तोच ब्रिक्सवाला. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्यावर आणायचा, मग काच पुसून कूलंटचा थेंब, उजेडाकडे धरायचं, निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथे ती रीडिंग. पण रीडिंग म्हणजेच टक्के असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रत्येक ऑइलचा फॅक्टर असतो, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा, तो डेटाशीटवर पाहा. फॅक्टर 1 असेल तर 5 म्हणजे 5 टक्के, पण 1.6 असेल तर 3 दाखवलं तरी तुमचे पाच टक्के जवळपास झाले. साध्या टर्निंगला पाचच्या आसपास पुरतं, टॅपिंगला आठ-दहा, ग्राइंडिंगला दोन-तीनवर भागतं. रेघ धूसर दिसायला लागली तर समजा मशीनच्या कूलंट टाकीत स्लाइडवेचं, म्हणजे लेथच्या सरकपट्ट्यांना लावायचं, ऑइल मिसळलंय, आधी वरचा तवंग काढा.

मिक्सिंग आम्ही परत हातानेच सुरू केलं आणि खरं सांगू, काही बिघडत नाही. 60 लिटरची टाकी असेल तर 57 लिटर पाणी आणि 3 लिटर ऑइल. पाणी आधी, ऑइल नंतर, बारीक धारेने, एकाने ओतायचं अन् दुसऱ्याने हलवायचं. नवीन पोराला हे पटत नाही म्हणून त्याला काचेच्या दोन ग्लासात करून दाखवलं. एकात पाण्यावर ऑइल, लगेच पांढरं दूध. दुसऱ्यात ऑइलवर पाणी, तर पिवळट चिकट गोळे, किती ढवळा, जात नाहीत, आणि हेच गोळे पुढे पंपाच्या जाळीत बसतात. बादली प्लास्टिकची घ्या, झिंकची नको, कूलंट झिंकला खातं आणि स्वतःही खराब होतं.

आता पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या लोकांना सांगायला नको, बोअरचं पाणी खारं. या पाण्यात चांगल्या कंपनीचं ऑइलही फाटतं, वर साबणासारखी साय येते आणि कातलेल्या शाफ्टवर सकाळपर्यंत गंज. उन्हाळ्यात तर अजून वाईट, पारा 45 च्या वर गेला की टाकीतलं नुसतं पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि त्यात परत बोअरचंच पाणी टाकलं की क्षार वाढतच जातात. म्हणून टॉप-अपला आम्ही गावातल्या प्लँटवरचे आरओचे कॅन आणतो, तेही नुसतं पाणी नाही टाकत, एक-दोन टक्के ऑइल मिसळून. अख्खी टाकी मात्र आरओने भरू नका, मऊ पाण्याला फेस लय येतो. त्यात थोडं नळाचं मिसळा.

ऑइल ठेवायचं म्हणाल तर छोट्या वर्कशॉपने 210 लिटरचा बॅरल घेऊच नये, स्वस्त पडला तरी. वर्षभर संपत नाही आणि टिनाखाली उन्हाळाभर शिजतो. बाहेर उभा ठेवला तर पावसाचं पाणी झाकणावर साचतं, दिवसा बॅरल तापतो, रात्री थंड होतो आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढून घेतो. 20 लिटरचे कॅन आणा, सावलीच्या खोलीत फळीवर ठेवा, आणल्याची तारीख मार्करने लिहा, जुना आधी काढा.

माझे मार्क : रिफ्रॅक्टोमीटर पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण सोबतचा ड्रॉपर पहिल्याच आठवड्यात फाटला. मिक्सर आपल्यासारख्यांसाठी दीड. विकायचाय का म्हणून मेसेज करू नका, एका जिनिंगच्या वर्कशॉपवाल्याने नेला, त्याच्याकडे वेगळ्या टाकीवर प्रेशर पंप आहे, त्याने नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून बसवला, आणि तिथे तो बरोबर पाच टक्के देतोय.