पोलाद साफ करायला हायड्रोक्लोरिक की सल्फ्युरिक?
तापवून लाटलेल्या पोलादावर काळपट ऑक्साइडचा थर चढतो. तो उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल साध्या तापमानालाही चालतं आणि पत्रा उजळ निघतो. सल्फ्युरिकची टाकी मात्र साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. म्हणून माझा कौल हायड्रोक्लोरिकला. पण 37 टक्क्यांच्या बाटलीचं झाकण उघडलं की पांढरा धूर उठतो, नाकाघशाची आग होते, आसपासचं लोखंडही गंजतं. हवा खेळती हवीच. ब्लीचशी तर त्याची गाठ पडूच देऊ नका, विषारी क्लोरीन सुटतो! सल्फ्युरिक थंड असताना असा धूर सोडत नाही, पण तीव्र असेल तर कातडीतलं पाणी शोषून ती करपवतं. पातळ करताना दोन्ही आम्लं हळूहळू पाण्यात ओतायची. आम्लात पाणी कधीच नाही.