पीएचडी करता करता केलेला पर्यावरण धोरणाचा सर्टिफिकेट कोर्स : काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझी पीएचडी भूजलावर. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या विहिरी आणि बोअर, त्यांच्या पाण्याच्या पातळ्या, एवढंच माझं जग. तिसऱ्या वर्षी मी विज्ञान व पर्यावरण धोरणाचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स घेतला. संस्थेचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत, आणि या धर्तीचे कोर्स आता बऱ्याच ठिकाणी निघालेत. अमेरिकेत प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठात विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीवाल्यांना असं प्रमाणपत्र डॉक्टरेटच्या जोडीनेच घेता येतं. मला मात्र ते बाहेरून, स्वतःच्या खिशातून आणि गाईडची समजूत काढून करावं लागलं. सर एवढंच म्हणाले, "आधी पेपर पाठव, मग कर काय हौस करायची ती."

पेपर पाठवला आणि फी भरली.

सुरुवातीचे धडे धोरण म्हणजे काय, ते कसं ठरतं, याच्या सिद्धांतांचे होते. ते मी दीडपट वेगाने ऐकले, तुम्हीही तेच करा. खरा माल पुढे आहे, जिथे कायदे आणि अधिसूचना मुळातून वाचायला लावतात. २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायची, अधिसूचना आम्ही ओळीन् ओळ वाचली आणि मग त्यावर लुटुपुटूची जनसुनावणी घेतली. मला अपर जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची मिळाली, कारण अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी लागतो. किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना हवी. किती लोक आले म्हणजे सुनावणी सुरू करायची, याला गणसंख्येची अटच नाही. शेवटी सगळ्यांच्या हरकतींचा गोषवारा तिथेच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि त्याच दिवशी इतिवृत्तावर सही करायची. हे शेवटचं कलम गावात किती जणांना माहीत असेल? वाचून दाखवा म्हणायचा हक्क आहे हेच ठाऊक नसतं, मग गोषवाऱ्यात आपलं म्हणणं आलं की नाही हे कोण बघणार! प्रकल्प अहवालाचा सारांश तरी मराठीत मिळतो; जाडजूड मूळ अहवाल इंग्रजीत, आणि लोकांना नडणारे आकडे बहुतेक वेळा त्यातच असतात.

भूजलाचा धडा तर मला घरच्यासारखा. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, अंमलात आला २०१४ मध्ये. त्यात ६० मीटरच्या खालची विहीर 'खोल विहीर' धरली आहे आणि अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपायला सरकारने जाहीर केलेल्या भागात, अशी विहीर घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे आमच्या हिशेबाने २०० फूट. फैजपूरकडच्या मामांना हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. "दोनशे फुटावर तं आमची मोटर बी ओली व्हत नाही, माय." माझ्या प्रबंधात या वाक्याला जागा नाही. पण कोर्सच्या शेवटी जी दोन पानी धोरण-टिपणी लिहायची असते, तिची सुरुवात मी तिथूनच केली.

फी वसूल झाली ती या टिपणीत. प्रबंधाच्या दोनशे पानांतलं सगळं दोन पानांत आणायचं, तेही ज्याला निर्णय घ्यायचाय त्याला कळेल असं. माझ्या तुकडीत जवळजवळ प्रत्येकाचा पहिला मसुदा परत आला, आणि समासातला शेरा बहुतेकांना एकच होता : "कोणी करायचं? कोणत्या कलमाखाली? पैसे कुठून?" 'पुनर्भरणाला (जमिनीत पाणी परत जिरवायला) चालना द्यावी' हे आम्ही संशोधक लोक प्रत्येक पेपरच्या शेवटी ठोकून देतो, तिथे ते चालत नाही. पुनर्भरण म्हटलं की सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, पाणी पिणारा पट्टा. मग ओघाने तापीचं पाणी या पट्ट्यात जिरवायचा तापी महापुनर्भरण प्रकल्प आला, ज्याचा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात मे २०२५ मध्ये करार झाला. दोन राज्यं आली म्हणजे पाण्याचा वाटा आला, वनजमीन आली, १९८० चा वन संवर्धन कायदा आला. माझ्या आलेखात यातलं काहीच नव्हतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्या नोंदींवर माझं सगळं काम उभं आहे. पण केळीची बाग पाणी मागते ती ऐन एप्रिल-मेच्या उन्हात, रोज. मग चार महिन्यांच्या आकड्यांवर तालुक्याचे निर्बंध ठरवायचे का, हा प्रश्न मला टिपणी लिहिताना पडला आणि आता तो प्रबंधातही शिरलाय. सर खूश नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

आता तक्रारी. उदाहरणं सगळी दिल्लीच्या हवेची किंवा परदेशातली. कोरडवाहू शेती, केळी, कापूस यांचं नाव नाही. लाइव्ह तास शनिवारी संध्याकाळी, आणि आमच्याकडे नेमकी तेव्हाच लाईट जाते. मोबाईलच्या नेटवर तास ऐकता येतो, चर्चेत बोलता येत नाही. कोर्समधली माझी मार्गदर्शक बाई उत्तम होती, पण तीन आठवडे मेलला उत्तरच नाही असंही झालं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा, भाग फारच घाईत उरकला. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, तिथे अर्ज कसा करतात हे दाखवलं असतं तर एका धड्यात दहा धड्यांचं काम झालं असतं.

क्रेडिटचं आधी विचारून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीच्या कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट लागतात. बाहेरचं प्रमाणपत्र त्यात धरलं जाईल असं गृहीत धरू नका. माझं धरलं नाही. विभागात लेखी विचारा, तोंडी 'बघू' वर फी भरू नका.

नोकरीसाठी घेत असाल तर जपून. यातून थेट काही मिळत नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची धोरण फेलोशिप आहे, तिच्या अर्जाला टिपणी उपयोगी पडेल असं वाटतं; मी अजून अर्ज केलेला नाही. वेळ म्हणाल तर आठवड्याचे दोन दिवस अर्धे-अर्धे जातात, आणि टिपणीच्या महिन्यात प्रबंध बाजूलाच राहतो. पहिल्या वर्षी घेऊ नका, सांगायला हातात स्वतःचं काही नसतं. सबमिशनच्या वर्षी तर अजिबात नको.

माझे पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या समासातल्या शेऱ्याचा. मराठीत टिपणी लिहायची मुभा दिली तर चार देईन; सध्या मी माझीच टिपणी मराठीत करतेय, कारण ग्रामपंचायतीत इंग्रजी कागद दिला तर तो फाइलला लागेल आणि तिथेच राहील.