8 महिन्यांनंतर स्कार्ट स्विच: सिंकवाल्या स्लाइडने डोकं खाल्लं

हा स्कार्ट स्विच (जुन्या गेम कन्सोलच्या स्कार्ट, म्हणजे 21 पिनवाल्या जुन्या युरोपियन व्हिडिओ केबली एकाच टीव्हीला जोडणारा डबा) घेऊन 8 महिने झाले, काल शेवटी स्क्रू काढून उघडलाच म्हणून लिहायला बसलोय. 8 स्कार्ट इनपुट, ऑटो सिलेक्ट, आत एलएम1881 नावाची चिप, हे सगळं माहितीच असेल, परत सांगत नाही. ऑटो सिलेक्ट झकास चालतं, कन्सोल चालू केला की चित्र हजर, जुन्या बटणवाल्या डब्यात दोन बटणं एकदम दाबली गेली की दोन कन्सोल एकमेकांत मिसळायचे ती कटकट गेली. रंगही स्वच्छ आहेत. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलायचंय ते मागच्या त्या नखाएवढ्या स्लाइडबद्दल. स्लाइड चालू केली की चिप व्हिडिओमधून फक्त सिंक (चित्राची ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते हे स्क्रीनला सांगणारा सिग्नल) वेगळा काढून पुढे पाठवते. मला ती लागते कारण माझ्या प्लेस्टेशनच्या केबलमध्ये सिंकच्या तारेवर पूर्ण कंपोझिट व्हिडिओच (रंग, उजेड, सिंक सगळं एकत्र) येतो आणि पांढरी स्क्रीन आली की स्केलरवर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करणाऱ्या डब्यावर) चित्र थरथरतं. (केबलच्या आतच रंगांवर जी बारीक चौकटींची जाळी चढते ती या चिपने जात नाही बरं का, मलाही आधी वाटलं होतं जाईल, त्याला केबलच चांगली हवी.)

तर स्लाइड चालू केली की जुन्या सीआरटीवर (काचेच्या नळीच्या टीव्हीवर) एकदम मस्त आणि स्केलरवर कधी वरचा भाग वाकडा, कधी सरळ काळी स्क्रीन. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं केबल खराब असेल. मला राग आला, पण माझ्या दुसऱ्या कन्सोलच्या, मेगा ड्राइव्हच्या, केबलचा प्लग उघडून बघितला तर 20 नंबरच्या पिनला (केबलमधला सिंक इथून पुढे जातो) तार थेट जोडलेली, मध्ये रेझिस्टरच नाही! म्हणजे कन्सोलचा सिंक न कमी करता तसाच पुढे जात होता. तिथे त्यांचं बरोबर निघालं, नवीन केबल घेतली, त्यांना तसं कळवलंही.

आणि तरी प्लेस्टेशनवर तेच! इथे माझं मत परत फिरलं. काल मल्टीमीटरची एक टोचणी चिपच्या 1 नंबर पिनवर धरली, तिथून सिंक बाहेर पडतो, आणि दुसरी आउटपुट सॉकेटच्या 19 नंबर पिनवर, जिथून तो पुढे टीव्हीकडे जातो, स्लाइड चालू ठेवून. बीप वाजला. शून्य ओहम. म्हणजे जी चूक केबलवाल्याने केली तीच यांनी स्वतःच्या बोर्डावर केलीय. चिपचा सिंक लॉजिक लेव्हलचा, म्हणजे 5 व्होल्टच्या आसपास असतो, टीव्हीला 0.3 व्होल्टच्या आसपास हवा असतो, म्हणून मध्ये 470 ओहम लावतात, म्हणजे पुढच्या उपकरणाच्या आतल्या 75 ओहमवर 5 व्होल्टचे साधारण 0.7 उरतात आणि तेवढं बहुतेक उपकरणं चालवून घेतात. सीआरटीने निमूट सहन केलं, स्केलरने नाही.

चिप आणि स्लाइडच्या मधली ट्रेस (बोर्डावरची तांब्याची पट्टी) कटरने कापली, 470 ओहमचा रेझिस्टर डाग देऊन बसवला, अर्धा तास लागला. तेव्हापासून एकदाही सिंक सुटलेला नाही, पांढऱ्या स्क्रीनवरही नाही. एक रेझिस्टर! किंमत नसल्यात जमा, आणि त्यापायी मी एक केबल विकत घेतली, दोन कन्सोल उघडले आणि स्केलरच बिघडला समजून तो विकायला निघालो होतो. एवढा महाग डबा बनवताना तिथे कंजुषी का करायची हे मला खरंच कळत नाही.

फोटो आणि मीटरचं रीडिंग विक्रेत्याला पाठवलंय, अजून उत्तर नाही. स्विच परत करणार नाही, आता तो माझ्या मनासारखा चालतोय. पण तुमच्याकडे हाच असेल आणि स्लाइड लावल्यावर चित्र जात असेल तर नवीन केबल मागवायच्या आधी 1 आणि 19 मध्ये मीटर लावून बघा.