होल्टर, पॅच आणि सोलापूरचा उन्हाळा: आईसाठी वापरलेल्या हृदय-मॉनिटरचा अनुभव

आई पडायची आणि दर वेळी "पाय घसरला गं" म्हणायची. कोरड्या फरशीवर पाय कसा घसरतो, हे मला पटत नव्हतं. वय झालेल्या माणसाला क्षणभर शुद्ध हरपल्याचं पुष्कळदा आठवतच नाही, हे मला हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं. त्यांनी आधी झोपवून, मग उभं करून बीपी बघितलं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर कारण तिथेच सापडतं. आईचा उतरला नाही.

मग २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं मशीन, लावला. रिपोर्ट नॉर्मल. महिन्या-दीड महिन्यातून एकदा चक्कर येणाऱ्या बाईला एका दिवसाचं मशीन लावून काय हाती लागणार? ते पैसे वाया गेले असंच मी म्हणेन. स्मार्ट घड्याळाचंही तेच. त्यातला ईसीजी ३० सेकंदांचा, तोही शुद्धीवर असताना दुसऱ्या हाताचं बोट टेकवून घ्यायचा.

म्हणून छातीवर चिकटवायचा, १४ दिवस ठोके नोंदवत राहणारा पॅच घेतला. पैसे आधी भरायचे. आणि मे महिना! आठवड्यातच घामाने एक कडा सुटली, मग दुसरी, आणि एका सकाळी पॅच गाऊनच्या आत लोंबत होता. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणे, "पेशंटला घाम येऊ द्यायचा नव्हता, नवीन घ्यायचा तर पूर्ण पैसे लागतील." उन्हाळ्यात घाम येणार हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी सोलापुरात पॅच विकू नये. त्या दिवशी मी एक स्टार देणार होते.

चिडूनच पॅच परत पाठवला. पण सुटण्याआधीचं रेकॉर्डिंग त्यात शाबूत होतं. दुपारी भाजी निवडताना आईला गरगरलं होतं आणि तिने शिकवल्याप्रमाणे पॅचवरचं बटण दाबलं होतं. बरोबर त्याच वेळेला ठोक्यांमध्ये ५ सेकंदांहून मोठा खंड! ३ सेकंदांच्या वरचा खंड डॉक्टर गांभीर्याने घेतात, त्यात हा चक्कर आली तेव्हाचाच. पेसमेकर, म्हणजे ठोका चुकला की हृदयाला चालना देणारं छोटं यंत्र, बसवला. त्यानंतर आई आजवर पडलेली नाही.

म्हणून स्टार चार. पाचवा त्या डिंकाचा गेला. छातीवरचा लाल चट्टा जायलाही बरेच दिवस लागले.

पॅच लावताना कातडी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, तेल-पावडर लावू नका, पंख्याखाली बसवून कडा नीट दाबून घ्या. बटण दाबलं की वेळ आणि त्या वेळी काय करत होतो ते वहीत लिहा. चक्कर आली तेव्हा ठोके ठीक होते, असं निघालं तरी रिपोर्ट फुकट जात नाही, डॉक्टर दुसरीकडे शोध घेऊ शकतात. आणि मुदतीआधी सुटला तर बदलून देणार का, हे पैसे भरण्यापूर्वी लिहून घ्या. माझी तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे.