सात महिने वापरलेला रोलर आणि दगा देणारा रॉड

गेल्या दिवाळीआधी कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या घराच्या दोन खोल्या मी स्वतः रंगवल्या, कारण पेंटरने सांगितलेली मजुरी रंगाच्या डब्यांपेक्षा जास्त होती. लक्ष्मीपुरीतून नऊ इंची रोलर, दारामागच्या जागेसाठी चार इंची छोटा रोलर, अडीच इंची ब्रश, ट्रे आणि आठ फुटांपर्यंत लांबणारा एक्स्टेंशन रॉड आणला. मे महिन्यात तिसरी खोली काढली आणि स्लॅबच्या पहिल्याच हाताला रॉडने दगा दिला, म्हणून हे लिहीत आहे.

दिवाळीत माझा राग रोलरवर होता. पहिल्याच हाताला त्याचे तंतू भिंतीला चिकटले आणि ते नखाने उपटताना खालची पुट्टीही सोलून आली. ते मत आता मी मागे घेतो. नवा रोलर मास्किंग टेपमध्ये गुंडाळून टेप खसकन ओढली, की सुटे तंतू टेपबरोबर निघून येतात. मग रोलर धुऊन, झटकून, दमट असतानाच इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्याने पातळ होणाऱ्या रंगात, फिरवला तर रंग सगळीकडे सारखा धरतो. पॉलिश पेपरने घासलेल्या गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा आणि आमच्या खडबडीत स्लॅबला सुमारे १२ मिमी लवेचा रोलर हवा, हेही तेव्हाच कळले. ब्रशबद्दल तक्रार नाही.

रॉडचे मात्र काय सांगावे! पिळून घट्ट करण्याच्या लॉकमध्ये आतली नळी केवळ घर्षणावर धरलेली असते, आणि रोलरवरून ओघळलेला पातळ रंग तेथे उतरला की ती पकड सुटते. रोलर स्लॅबला दाबला की नळी सुळकन खाली सरकते, आपला तोल जातो आणि थेंब नेमका चष्म्यावर पडतो. दुपारभरात असे नऊ वेळा झाले. मी मोजले आहे. दुकानदार म्हणाले, "साहेब, वापरलेला माल परत घेत नाही, जरा जास्त पिळा." जास्त पिळल्यावर प्लॅस्टिकला चीर गेली आणि माझे पावणेचारशे रुपये बुडाले. पुन्हा घेतलाच, तर भोकात खटका बसणारा रॉड घेईन, कारण तो घर्षणावर अवलंबून नसतो.

त्या दिवशी वळवाचे ढगही भरून आले होते आणि हवा दमट असल्याने पहिला हात वाळायलाच संध्याकाळ झाली. तेवढ्या वेळात मी सहा फुटी वेळू आणला, टोक तासून रोलरच्या मुठीतील पोकळीत ठोकला आणि सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. त्याची लांबी कमी-जास्त होत नाही, पण दुसरा हात रात्री दहाच्या आत पुरा झाला. तो रॉड सध्या जळमटे काढण्यासाठी ठेवला आहे. तेथेही तो दोनदा सरकला.