काळ्या डब्यातली रेती

परवा आरमोरीकडच्या एका पोराने मला व्हिडिओ पाठवला. "दादा, हा डबा घेऊ का?" अँप आणि स्पीकरच्या मध्ये लावून आवाज कमी करायचा काळा पत्र्याचा डबा (अटेन्युएटर), समोर एक नॉब, मागे दोन जॅक. नॉब फिरवला की गिटारचा आवाज कमी होतो, सूर मात्र तसाच फाटका आणि रसरशीत. टेबलावर पसरलेलं जळक्या डागांचं हिरवं रेक्झिन मी लगेच ओळखलं. त्याच टेबलावर मी 6,500 रुपये मोजले होते.

आमचं गाव वडशाजवळ. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवतो. धान विकून जुना 50 वॉटचा ट्यूब अँप घेतला, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, आत ईएल34 जातीच्या दोन पॉवर ट्यूब. स्टेजवर झकास. घरी मात्र वांधे, कारण याचा खरा सूर ट्यूब दाबून, म्हणजे मोठ्या आवाजात, चालवल्यावरच निघतो. शेजारची काकू म्हणायची, "बाबू, गायी बुजून रायल्या ना!"

डबा बनवून विकणारा नागपूरचा हा मिस्त्री एका वाजवणाऱ्याकडून कळला. तोंडाचा गोड. "टेन्शनच नाही भाऊ, 50 चे 2 वॉट करून देतो." दुकानात त्याने वाजवून दाखवलं, आवाज कमी झाला, मी खूश. आता माझा गाढवपणा ऐका. वाजवून दाखवलं ते त्याच्या ट्रान्झिस्टरवाल्या अँपवर, समोर डिस्टॉर्शनचा पेडल लावून. माझा अँप घरी होता. वीस किलोचं धूड एसटीत कोण चढवणार?

सगळी गोम इथेच आहे. ट्रान्झिस्टर अँपचा स्पीकर काढून टाकला तरी बहुतेक वेळा त्याचं काही बिघडत नाही, त्याला भीती शॉर्ट सर्किटची. ट्यूब अँपचं उलटं. ट्यूब आणि स्पीकरच्या मधल्या त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समोर ठरलेला भार, म्हणजे स्पीकरचा रोध, लागतोच: 4, 8 किंवा 16 ओहम, मागे लिहिलेला असेल तो. भार सुटला की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि जिथे वाट मिळेल तिथे ठिणगी मारतं.

चौथ्या दिवशी नॉब अर्ध्यावर ठेवून वाजवत होतो. डबा हाताला चटका देत होता, पण तो गरम होणारच असं सांगितलेलं. एकदम आवाज गेला. सवयीने गिटारचा व्हॉल्यूम वाढवून दोन-तीन स्ट्रोक मारले, तर अँपच्या मागून 'चट्' आणि ट्यूबच्या बुडाशी निळी ठिणगी. मग वार्निश जळाल्याचा वास. ट्यूबना मोठं व्होल्टेज जातं त्या वाटेवरचा, हायटेन्शनचा फ्यूज उडाला होता.

फोन केला तर म्हणे, "तुमच्या गावची लाईनच खराब, भाऊ. आणा, 9,000 मध्ये करून देतो." लाईन खराब आहे हे खरं, संध्याकाळी 230 ची 170 व्होल्टपर्यंत उतरते. तेव्हा ट्यूब तापवणाऱ्या 6.3 व्होल्टच्या तारेला, फिलामेंटला, पावणेपाचसुद्धा मिळत नाही, ट्यूब धड तापत नाही. पण त्याने आवाज बसतो, ठिणग्या पडत नाहीत.

मग डबा उघडला. आत एक तारेचा रिओस्टॅट (फिरवून रोध कमी-जास्त करायचा), स्पीकरच्या वायरीत सरळ मध्ये टाकलेला, मधोमध जळून तुटलेला. म्हणजे अँपचा भारच सुटला होता. त्याच्यावर 25 वॉट छापलेलं. बाकी डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली रेती! वजन लागावं म्हणून. हातात घेतल्यावर "माल दमदार आहे" असं मीच बोललो होतो.

ट्रान्सफॉर्मर भंडाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मिस्त्रीने पुन्हा गुंडाळून दिला. डबा तपासायची रीत त्यांनीच दाखवली. डब्याला स्पीकर लावायचा, अँपकडच्या जॅकवर अँपऐवजी ओहमवर लावलेला मल्टिमीटर धरायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. 8 ओहमच्या साध्या रेझिस्टरवाल्या डब्यात काटा सहा ते आठच्या आसपासच राहायला हवा. माझा तुटलेला रिओस्टॅट तात्पुरता जोडून पाहिला, तर सहापासून थेट शंभराच्या वर. आणि डबा अँपच्या दुप्पट वॉटचा हवा, कारण दाबून वाजवलं की 50 चा अँप 50 वर थांबत नाही, आणि ती जवळपास सगळी उष्णता डब्यालाच गिळावी लागते.

त्या भामट्याने "एक ट्यूब काढून टाका, पॉवर अर्धा" असंही सुचवलं होतं. दोनच ट्यूब असताना एक काढली की पुश-पुलची, म्हणजे आळीपाळीने काम करणारी, जोडीच मोडते. आणि चार ट्यूबवाल्याच्या दोन नीट काढल्या तरी फरक 3 डेसिबल. काकूच्या गायींना तो कळणारही नाही.

एक राहिलं. मी अँप स्वतः उघडला नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेवर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

आरमोरीच्या पोराला विचारलं, व्हिडिओत अँप कोणता दिसतो ते नीट पाहा. तासाभराने उत्तर आलं, "अँप दाखवलाच नाही दादा, नुसता डबा." माझ्या डब्यातली रेती बाबांनी अंगणात ओतली. रिकामा डबा ताडपत्रीवर ठेवला होता, वाऱ्याने उडून गेला.